गोधडीचा कुळवृत्तांत

भंडारा जिल्ह्याचें नांव काढलें म्हणजे तळीं, तांदूळ आणि पितळेचीं भांडीं हीं तीन डोळ्यांपुढें उभीं राहतात. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या रसेलसाहेबांच्या गॅझेटियरापासून तों अलीकडील प्रबंधांपर्यंत त्यांची वाखाणणी चालूच आहे. वैनगंगेच्या कांठच्या पवनीस जमिनींतून निघालेल्या स्तूपावरही विद्वानांनीं ग्रंथ लिहिले. त्याच मुलखांतील घरोघर आढळणाऱ्या ज्या एका वस्तूविषयीं आम्ही आज लिहिणार आहों, ती मात्र या थोर मंडळींत बसविण्यासारखी कोणास वाटलेली दिसत नाहीं. ती वस्तु म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. इतिहासाच्या मासिक पानांवर गोधडी आणून अंथरणें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु घरांतल्या माणसांची आठवण कोणीं, कशी आणि कशावर लिहून ठेविली, हा जर इतिहासाचा प्रश्न असेल, तर त्याचें एक उत्तर या चिंध्यांत आहे, असें आमचें मत आहे.

गोधडी, वाकळ, आणि पूर्वेस छत्तीसगडाच्या अंगास कथरी, अशीं हिचीं नांवें आहेत. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशांत गोधडीही आहे व वाकळही आहे. रजई व दुलई यांचें कुळ निराळें. त्यांच्या पोटांत पिंजलेला कापूस असतो, आणि त्या पिंजाऱ्याकडून भरून घ्याव्या लागतात. गोधडीला पिंजारी लागत नाहीं, शिंपी लागत नाहीं, बाजारही लागत नाहीं. खालीं एक धड लुगडें, वर एक धड लुगडें, आणि मधें फाटक्या धोतरांचे, चोळ्यांचे, पंच्यांचे थर. कडेपासून धावदोरा घालीत घालीत आंत यावयाचें आणि मधल्या चौकोनांत संपावयाचें, एवढी ही विद्या. पण सर्व थर एकमेकांस धरून राहावे, कोठें गोळा होऊं नये, आणि पाठीखालीं टांका रुतूं नये, हें ज्या हाताला साधतें तो हात गांवांत ओळखला जातो. दोरा ओढतांना बोटाचा अंदाज चुकला कीं चुणी पडते. आणि एकदां पडलेली चुणी गोधडीच्या अंतापर्यंत जात नाहीं.

भंडारा हा धानाचा मुलूख. वऱ्हाडाप्रमाणें येथें दारापुढें कापसाचे ढीग पडत नाहींत, म्हणून पांघरुणांत भरावयास कापूस हा विकतचा. थंडी तर पौषांत चांगलीच पडते, आणि तळ्यांच्या कांठीं ती अधिकच झोंबते. मग खालीं धानाची तणीस आणि वर जुन्या कापडांचे थर, ही तोड गरिबांनीं काढली असल्यास नवल नाहीं. जिल्ह्यांत कापूस थोडा असला तरी कापड विणणारे हात मात्र पुष्कळ होते. पवनी, मोहाडी, आंधळगांव येथील कोष्ट्यांच्या मागांवरचें लुगडें नवें असतांना अंगाला टोंचे. दहा-बारा वर्षें नदीच्या दगडावर आपटून निघाल्यावर तें इतकें मऊ होई कीं तान्ह्या मुलाच्या गालाखालीं घालावें. सूत विरलें तरी काठ टिके. आणि काठावरून लुगडें कोणाचें तें ओळखूं येई. ही काठाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम आहे.

चिंध्यांच्या वस्त्राचा या देशांतील लिखित इतिहास पाहूं गेल्यास तो घरांत सुरू होत नाहीं. तो घर सोडून गेलेल्यांपाशीं सुरू होतो. बौद्ध भिक्षूंचें आरंभींचें वस्त्र म्हणजे पांसुकूल: उकिरड्यावर व स्मशानांत टाकलेलीं फडकीं वेंचून, धुवून, जोडून केलेलें चीवर. जीवक वैद्यानें बुद्धास वस्त्र अर्पण केलें, तेव्हांपासून गृहस्थांनीं दिलेलें कापड स्वीकारण्याची मोकळीक भिक्षूंस झाली, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. त्यांतच दुसरीही एक कथा आहे. मगधांतील शेतें, त्यांचे बांध, बांधांचे चौक हें सर्व पाहून बुद्धानें आनंदास विचारलें कीं, भिक्षूंचें चीवर असें करतां येईल काय. आणि आनंदानें तुकडे जोडून तसें तें केलें. भंडाऱ्याकडे धानाच्या शेतास बांधी म्हणतात. श्रावणांत एखाद्या टेकाडावरून खालच्या बांध्या पाहिल्या असतां हिरव्या तुकड्यांना मातीच्या बांधांची शिवण घातलेली दिसते. ती ज्यानें पाहिली आहे त्यास आनंदाची कारागिरी निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत मोठा स्तूप निघाला. अशीं चीवरें पांघरलेले भिक्षु या वैनगंगेच्या कांठीं दोन हजार वर्षांपूर्वीं वावरत होते. स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. दगड देणाऱ्याचें नांव राहिलें. चीवराला कापड देणाऱ्या बाईचें राहिलें नाहीं.

भिक्षूंच्या मागून नाथपंथी आले, बैरागी आले. त्यांची कंथा प्रसिद्धच आहे. भर्तृहरीनें वैराग्यशतकांत कंथेची थोरवी गाइली. या सर्वांच्या अंगावरील ठिगळांचा अर्थ एकच होता: आम्हांला कोणी नाहीं आणि आम्ही कोणाचे नाहीं. मेलेल्याच्या अंगावरचें वस्त्र भिक्षु घेई तें त्या मेलेल्याची आठवण राहावी म्हणून नव्हे, तर देहाची आसक्ति सुटावी म्हणून. गृहस्थाच्या घरांतील बाईनें तेंच केलें, तशींच फडकीं घेतलीं, तसेच तुकडे जोडले. हेतु मात्र नेमका उलटा ठेविला. सासूचें लुगडें आणि बापाचें धोतर तिनें जोडलें तें आसक्ति सुटूं नये म्हणून. एकाच कारागिरीचे असे दोन विरुद्ध अर्थ एकाच मुलखांत शेजारीं शेजारीं नांदले, आणि ग्रंथांत पहिलाच आला. ग्रंथ लिहिणारे बहुधा घर सोडलेले होते, हें त्याचें एक कारण असावें.

दुसऱ्या अर्थाला धर्मांत अगदींच थारा नव्हता असें मात्र नाहीं. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या आरंभींच्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकर होते. ते या भंडाऱ्याचेच. महानुभाव पंथांत स्वामींच्या स्पर्शानें पावन झालेल्या वस्तूस ‘प्रसाद’ म्हणतात, आणि ती जपून तिचें वंदन करितात. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनीं शिष्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. म्हणजे एका बाजूनें शब्दांत आठवण राखिली, दुसऱ्या बाजूनें वस्तूंत. प्रिय माणसाच्या अंगाला लागलेलें वस्त्र हें नुसतें वस्त्र राहत नाहीं, ही समजूत त्या पंथानें शास्त्रांत घेतली. घराघरांतील आज्यांनीं ती शास्त्रावांचूनच पाळली. दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा आग्रह नाहीं. मनुष्यस्वभाव दोन्ही ठिकाणीं एकच होता, एवढेंच.

आतां काठाकडे येऊं. विसाव्या शतकांत आपल्या मध्यमवर्गांत कुळवृत्तांत छापण्याची हौस मोठी होती. मूळ पुरुषापासून वंशवृक्ष काढावयाचा, कोणी कोणती वतनें मिळविलीं, कोण कोठें नोकरीस होता, याची टांचणें करावयाचीं. त्या वृक्षाच्या फांद्यांवर स्त्रिया कोठें आहेत हें पाहावें. बहुतेक ठिकाणीं ‘अमक्याची पत्नी’ एवढ्यावर भागविलेलें असतें, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची फांदी तेथेंच तुटते. गोधडींतला कुळवृत्तांत याच्या अगदीं उलट आहे. तींत लुगडीं अधिक, धोतरें थोडीं. वतनें मुळींच नाहींत. हा हिरवा काठ आजीचा. हा तांबडा मोठ्या काकूचा, ती पहिल्या बाळंतपणांत गेली. हें फुलाफुलांचें चीट आत्याच्या परकराचें; आत्या आतां बालाघाटाकडे असते. ही पट्टी आजोबांच्या बंडीची. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं मुलें बोट लावून विचारतात आणि माय सांगत जाते. जी चुलती मुलांनीं कधीं पाहिली नाहीं ती अशी त्यांच्या ओळखीची होते. वाचतां येत नाहीं अशा बाईनें केलेली ही नोंद आहे, आणि वाचतां येत नाहीं अशीं मुलें ती वाचतात. कुळवृत्तांतांत दत्तक, तंटे व वांटण्या येतात. येथें तें कांहीं नाहीं. भांडून वेगळ्या झालेल्या जावांचे काठ एका गोधडींत शेजारीं शिवलेले असतात, आणि ते तसे राहतात.

एका प्रकारच्या लुगड्यांचा निराळा उल्लेख केला पाहिजे. विधवा झालेल्या स्त्रीचीं सौभाग्याचीं रंगीत लुगडीं, हीं तीं होत. ज्या जातींत विधवेस आलवण नेसावें लागे, तेथें तिच्या लग्नांतल्या लुगड्यांना तीनच वाटा होत्या: पेटींत कुजणें, लेकीसुनेच्या अंगावर जाणें, किंवा गोधडींत शिवलें जाणें. नेसण्याचा तिचा हक्क रूढीनें काढून घेतला होता. पांघरण्याचा काढून घेण्याचें रूढीस सुचलें नाहीं. विशीच्या आंत विधवा होऊन सत्तरी गांठणाऱ्या स्त्रिया आपल्या पणजीच्या पिढीपर्यंत घरोघर होत्या. त्यांच्या अंथरुणावर ज्या गोधड्या असत त्यांतील रंगांकडे पाहण्याची बुद्धि त्या काळच्या सुधारकांस झाली असती, तर एखाद्या व्याख्यानाचें काम त्यांनींच केलें असतें.

गोधडी होण्यास घरांत जुनें कापड शिल्लक पडावें लागतें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. दोनच लुगडीं असणारी बाई एक धुवून दुसरें नेसते. तिची गोधडी होत नाहीं. म्हणून गोधड्यांची चळत हें घराच्या बऱ्या दिवसांचें माप होय. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास आली. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस जमशेटजी टाटांची एंप्रेस गिरणी तेथें सुरू झाली. पुढें लोहमार्ग भंडाऱ्यावरून छत्तीसगडांत गेला. गिरणीचें स्वस्त कापड खेड्यांत शिरलें. कोष्ट्यांच्या मागांची त्यानें काय दशा केली ती सर्वश्रुत आहे, आणि ती लहान गोष्ट नव्हे. पण गोधडीच्या दृष्टीनें पाहतां जुन्या कापडाची रेलचेल झाली, आणि चिटांचे रंग तिच्यांत प्रथम आले, असें मानण्यास हरकत नाहीं. लगेच १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन दुष्काळ आले. ज्यांचें सर्वस्व धान, त्यांचें धान गेलें म्हणजे काय होतें याचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील मृत्यूंचें प्रमाण हिंदुस्थानांतील इतर प्रांतांच्या मानानें फार मोठें होतें. अशा वेळीं गोधडीवर दुहेरी प्रसंग येई. सांथीच्या माणसाचें अंथरूण जाळावें हें वैद्यकाचें सांगणें बरोबर होतें. आणि जें जाळावयाचें त्यांतच गेलेल्या आजीचें एकुलतें उरलेलें लुगडें असे. कोणत्या घरानें काय केलें याची नोंद कोण ठेवणार? दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ नंतर, कापडावर नियंत्रण आलें, कुपनांचे दिवस आले, तेव्हां जुन्या गोधड्या उसवून त्यांतील धड पट्टे पुन्हां अंगावर घेण्याची वेळ गरिबांवर आली असल्यास तें समजण्यासारखें आहे. आठवण ही पोटाच्या व अब्रूच्या मागून येते.

आठवणीइतकाच गोधडीचा दुसरा धर्म म्हणजे परक्याला ऊब देणें. नवें मूल जन्मलें कीं आजीच्या लुगड्याचें दुपटें त्याला प्रथम मिळतें. नवें कापड टोंचतें हें कारण खरें, आणि म्हातारीचें आयुष्य बाळाला लागावें ही इच्छाही खरी. मुलगी सासरीं जातांना बरोबर एक गोधडी जाते. ती सासरच्या घरांत माहेरचा वास घेऊन येते. पहिल्या वर्षीं त्या वासाची किंमत काय असते हें त्या मुलींनाच माहीत. लग्नकार्यांत गांवच्या गोधड्या एका घरीं गोळा होतात, आणि पाहुणा ज्याच्या आजीच्या लुगड्याखालीं निजतो त्याला तो ओळखतही नसतो. कोणाच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे शेजारणी बसावयास जातात. बोलण्यासारखें कांहीं नसतें. दहावा-बारावा होऊन गेल्यावर, कांहीं दिवसांनीं, त्यांतलीच एखादी सुईदोरा घेऊन येते आणि म्हणते, “माय, आण तीं लुगडीं, दोघी मिळून शिवूं.” समाचाराचीं शंभर पत्रें एका बाजूस आणि हें एक वाक्य एका बाजूस, अशी आमची समजूत आहे.

विदर्भांतीलच गाडगेमहाराज या दोन्ही इतिहासांच्या संगमावर उभे आहेत. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या या पुरुषानें घर सोडल्यावर ठिगळांचें वस्त्र अंगावर घेतलें, म्हणून लोक त्यांस गोधडेमहाराज म्हणत. वस्त्र बैराग्याचें, पण त्या वस्त्रानें त्यांनीं लोकांशीं नातें तोडलें नाहीं. गांवें झाडलीं, धर्मशाळा बांधविल्या, उघड्याला वस्त्र देण्याचा उपदेश १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत केला. मुंबईस दादरला त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत दूरदूरच्या गांवांहून आलेले कॅन्सरचे रोगी व त्यांचे नातलग आश्रयास राहतात.

बाहेरच्या जगांत या कलेचें नशीब अधिक उजळ ठरलें. बंगाल्यांत गुरुसदय दत्त या आय. सी. एस. अधिकाऱ्यानें खेड्यापाड्यांतून कांथा गोळा केल्या. १९३९ सालीं स्टेला क्रामरिश बाईंनीं त्यांवर विद्वत्तापूर्ण निबंध लिहिला. आणि त्यापूर्वींच, १९२९ सालीं, जसीमुद्दीन यांनीं एका काव्याची नायिकाच अशी केली कीं ती आपली सारी कहाणी कांथेवर शिवते आणि ती कांथा तिच्या थडग्यावर घातली जाते. बंगालची कांथा चित्रांची असते, हत्ती, कमळें, पालख्या यांची; आमची गोधडी अक्षरशः तुकड्यांची, म्हणून तिला संग्रहालयाचें दार उशिरां उघडलें. दिनकर केळकरांनीं पुण्यास दिव्यांनीं व अडकित्त्यांनीं दालनें भरलीं तें उत्तमच झालें. धातूला वापर सोसतो. गोधडीला वापरच खाऊन टाकतो.

अमेरिकेंत यादवी युद्धाच्या वेळीं, १८६१ ते १८६५ या काळांत, स्त्रियांनीं सैनिकांसाठीं गोधड्या शिवून सॅनिटरी कमिशनकडे धाडल्या. त्याच युद्धानें अमेरिकेचा कापूस अडला आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. तिकडील मातांच्या सुईचा आणि इकडील शेतकऱ्याच्या मोटेचा असा एक दूरचा धागा आहे. पुढें १९८७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एड्सनें गेलेल्या माणसांच्या आप्तमित्रांनीं प्रत्येक मृताच्या नांवाचा तीन फूट बाय सहा फुटांचा, म्हणजे थडग्याएवढा, एकेक पट्टा शिवावयास आरंभ केला. ११ आक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या विशाल मैदानावर असे १९२० पट्टे अंथरले गेले. मृतांच्या शर्टाचे, विजारींचे, टोप्यांचे तुकडे त्यांत होते. अनेक घरांनीं या रोगानें गेलेल्या मुलांचें नांव घेण्याचेंही टाळलें होतें. तेथें तें नांव सुईनें लिहिलें गेलें. आतां त्या पट्ट्यांची संख्या सुमारें पन्नास हजार असून त्यांवर लाखाहून अधिक नांवें आहेत. भंडाऱ्याच्या म्हातारीला हें दाखविलें असतां तिला आश्चर्य वाटेल तें विस्ताराचें. कल्पनेचें वाटणार नाहीं.

आपल्याकडे गोधडीला खरा धक्का दिला तो नायलॉन आणि पॉलिएस्टर यांनीं. हीं लुगडीं विरत नाहींत, मऊ होत नाहींत, घाम शोषीत नाहींत, आणि सुईखालून निसटतात. तीं भांडीवालीच्या टोपलींत गेलीं आणि बदल्यांत स्टेनलेस स्टीलचीं पातेलीं घरांत आलीं. पितळेचें नांव मिरविणाऱ्या भंडाऱ्यांतही हेंच झालें. गुबगुबीत यंत्राच्या रजया बाजारांत स्वस्त मिळतात. तरीही शहरांत आतां असे लोक निघाले आहेत कीं जे आई गेल्यावर तिच्या सुती साड्या शिवणाऱ्या बायांकडे देऊन गोधड्या करवून घेतात, आणि प्रत्येक भावंडास एकेक वांटून देतात. पैसे देऊन शिवविली म्हणून तिला नाक मुरडणारेही आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. टांका परक्याचा असेल. काठ आईचा आहे.

गोधडी झिजली म्हणजे टाकीत नाहींत. तिच्यावर खालींवर नवीं लुगडीं घालून पुन्हां टांके घालतात, आणि जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटांत जाते. असें दोन-तीन पिढ्या झालेलें अंगावर पेलवत नाहीं इतकें जड होतें, आणि मग कधीं तरी तें उसवावें लागतें. बाहेरचे थर विटलेले, पांढरे पडलेले असतात. सूर्य ज्यांना लागला नाहीं ते आंतले काठ मात्र, कोणाचे तें सांगणारें माणूस घरांत उरलेलें नसतांही, विणले त्या दिवसाइतके तांबडे आणि हिरवे निघतात.